‘रोजची भाकर’: एपिऊसिओस या ग्रीक शब्दाचा नेमका अर्थ काय?

प्रश्न:
प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ (मत्तय ६:११) असे आपण म्हणतो. येथे ‘रोजची’ या अर्थी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ हा अत्यंत दुर्मिळ शब्द आहे असे वाचले. त्याचा अर्थ खरोखर ‘रोजचा’ असाच होतो का?

पहिले उत्तर:
दुर्मिळ म्हणणेही कमीच ठरेल. मत्तय आणि लूक (११:३) यांनी दिलेली ही प्रार्थना व तिच्या आधाराने झालेले ख्रिस्ती लेखन सोडले, तर हा शब्द कोठेही निश्चितपणे आढळत नाही. तो विद्वानांच्या लेखनात नाही आणि सामान्यांच्या बोलण्यातही नाही, तेव्हा शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा, असे तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने लिहून ठेवले आहे. इजिप्तमधील पपायरसवर (प्राचीन कागदावर) लिहिलेल्या एका खर्चाच्या यादीत हा शब्द असल्याचे १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावरून ‘दिवसाचा शिधा’ या अर्थाला मोठे बळ मिळाले. परंतु मधल्या काळात हरवलेला तो पपायरस १९९८ मध्ये येल विद्यापीठात पुन्हा हाती लागला, तेव्हा तेथे ‘एलाइऊ’, म्हणजे तेल, लिहिलेले दिसले. शतकभराचा पुरावा तेलाच्या नोंदीवर उभा होता!

राहते ती व्युत्पत्ती. ‘ऊसिया’ म्हणजे अस्तित्व हे मूळ धरले, तर ‘जगण्यास आवश्यक’ असा अर्थ निघतो. मला मात्र ‘एपिऊसा’, म्हणजे येणारा दिवस, हे मूळ अधिक पटते. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’ या अर्थी तोच शब्द आहे. शिवाय इब्री लोकांच्या शुभवर्तमानात (आज हरवलेल्या एका प्राचीन ग्रंथात) येथे ‘माहार’, म्हणजे उद्याची, असे होते, ही बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमची साक्ष आहे. खुद्द जेरोमने मात्र लॅटिनमध्ये मत्तयात ‘सत्त्वापलीकडची’ आणि लूकमध्ये ‘रोजची’ असे दोन वेगळे शब्द ठेवले.

दुसरे उत्तर:
‘उद्याची भाकर’ हा अर्थ घेतला, तर त्याच अध्यायातील ‘उद्याची चिंता करू नका’ (६:३४) या वचनाशी त्याचा मेळ कसा घालावा? त्यापेक्षा पेशिट्टा या बायबलच्या प्राचीन सिरियाक अनुवादातील ‘आमच्या गरजेची भाकर’ मला सरळ वाटते.

पहिल्या उत्तराचे लेखक:
आक्षेप रास्त आहे. परंतु मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असा नियमशास्त्राचा दंडक होता (अनुवाद २४:१५), आणि संध्याकाळी हाती आलेल्या त्या पैशांतूनच घरची दुसऱ्या दिवसाची भाकर होत असे. ती आजच मागून घेतली की रात्री चिंतेला कारण उरत नाही. उलट ‘रोजची’ हा अर्थ धरल्यास लूकच्या ओळीत पुनरुक्ती होते, कारण तेथे ‘दररोज’ या अर्थी ‘काथ हेमेरान’ हे शब्द स्वतंत्रपणे आलेलेच आहेत.