ऱ्होड्स: आधी लिंडोस, मग पोहणं
ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर चार दिवसांत किल्ले बघायचे की समुद्रात डुंबायचं? लिंडोस या तिथल्या गावात दोन्ही जमतं. फक्त अ‍ॅक्रोपोलिस (टेकडीवरचा प्राचीन किल्ला) उघडल्या उघडल्या चढा, वर सावली नावालाच आहे. पायऱ्यांचा दगड पावलांनी घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की साधी चप्पल सटकते (स्वानुभव, भर दुपारचा!). वर अथेना या ग्रीक देवीच्या देवळाचे खांब आहेतच, पण पायथ्याजवळ कातळात कोरलेली जहाजाची मागची बाजू चुकवू नका. बहुतेक लोक धापा टाकत तिच्यासमोरूनच निघून जातात. उतरलात की सेंट पॉलच्या खाडीत थेट पाण्यात. खडकांनी जवळजवळ वेढलेली, लाटा अगदी कमी.

मुलं सोबत असतील तर त्सांबिका किनारा बरा, मऊ वाळू आहे. ऱ्होड्स शहरातला एली किनारा गोट्यांचा, पाय भाजतात.

जुन्या शहरासाठी संध्याकाळ ठेवा. 1309 ते 1522 इथे नाइट्सचं (ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं) राज्य होतं, त्यांची फरसबंद गल्ली अजून तशीच आहे. त्यांच्या प्रमुखाचा, म्हणजे ग्रँड मास्टरचा वाडा मात्र 1856 च्या स्फोटात ढासळला होता. आज दिसतो तो इटालियनांनी नव्याने उभारलेला. आणि कोलोसस हा प्राचीन काळचा प्रचंड पुतळा शोधत बंदरावर फिरू नका, भूकंपात तो केव्हाच कोसळला!