चाचणीचे गुण वर पाठवायचे, की शेजारच्या वर्गात न्यायचे?

तिसरीचे गुरुजी (धागाकर्ते)

जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांच्या वर्षभरात तीन चाचण्या होतात: आरंभी पायाभूत, नंतर संकलित एक आणि संकलित दोन. शालेय शिक्षण सुधारण्याच्या ‘स्टार्स’ या सरकारी प्रकल्पातून आलेल्या या नियतकालिक मूल्यांकन चाचणीला आम्ही सगळे ‘पॅट’ म्हणतो. पेपर तपासायचे, प्रत्येक मुलाचे गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटवर भरायचे, ते विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे राज्याच्या माहिती गोळा करणाऱ्या कक्षाकडे जातात, आणि काही दिवसांनी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, केंद्रप्रमुखांकडून एवढेच कळते की अमुक शाळांची नोंद शंभर टक्के झाली आणि तमुक शाळांची राहिली. या खटाटोपाचा मुलाच्या शिकण्याशी असलेला संबंध फार पातळ आहे, असे माझे मत आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडतो आहे. हे गुण आधी शेजारच्या वर्गात किंवा शेजारच्या शाळेत, म्हणजे तीच इयत्ता शिकवणाऱ्या दुसऱ्या शिक्षकापुढे गेले पाहिजेत. वर जायचे ते नंतर आणि कमीत कमी जावे.

एक उदाहरण देतो. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, परिपत्रकांचे वाचन आटोपल्यावर तिसरी-चौथीला शिकवणारे आम्ही चौघे उत्तरपत्रिका घेऊन बसलो. 52 वजा 27 या हातच्याच्या वजाबाकीला बऱ्याच मुलांनी 35 उत्तर लिहिले होते. गुणपत्रकात त्या सर्वांना शून्य, म्हणजे ‘वजाबाकी येत नाही’ हा एकच शिक्का. आमच्यातल्या एका बाईंनी मात्र कच्चे काम पाहून दाखवले की काही मुले 2 मधून 7 जात नाहीत म्हणून सरळ 7 मधून 2 वजा करतात, तर काही मुले दशक व्यवस्थित सुटा करतात, 12 मधून 7 वजा करतात, पण दशकाच्या घरात पाचाचे चार झाले हे विसरतात. दोघांचेही उत्तर 35 च येते. पहिल्या मुलाला दशक सुटा करणे मुळापासून, काड्यांचे गठ्ठे हातात देऊन शिकवावे लागेल. दुसऱ्याला ते येते, त्याची फक्त मांडणीची सवय घट्ट करायची आहे. मग पुढच्या सरावात आम्ही 52 ऐवजी 53 घेतले. आता पहिल्या प्रकारच्या मुलाचे उत्तर 34 येते आणि दुसऱ्याचे 36, त्यामुळे कोण कुठे अडले ते उत्तरावरूनच कळते. ही माहिती कोणत्याही डॅशबोर्डवरून मिळाली नसती, आणि सगळ्या वर्गाचे पेपर एकट्याने उरकणाऱ्या शिक्षकालाही ती सहसा मिळत नाही.

नोंदवही

मी शाळांची तपासणी करणारा विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे, तेव्हा माझे मत ‘वरच्या’ बाजूचे आहे असे धरूनच वाचावे. गुरुजी, आपले वजाबाकीचे उदाहरण उत्तम आहे आणि अशी चर्चा प्रत्येक केंद्रात व्हावी याबद्दल दुमत नाही. परंतु ते चार उत्साही शिक्षकांचे उदाहरण आहे. धोरण आखायचे असते ते ज्या शाळेत मूल पुस्तक डोळ्यांसमोर धरून पाठ झालेला धडा म्हणते आणि त्यालाच वाचन समजले जाते, त्या शाळेसाठी. तिथे शिक्षकांची बैठक स्वतःहून होत नाही, आणि झाली तरी उत्तरपत्रिका बाहेर निघत नाहीत.

सगळे शिक्षकावर सोपवून पाहिलेले आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर 2010 मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा प्रत्येक मुलाचे निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचे स्वातंत्र्य शिक्षकालाच दिले होते. पुढे काय झाले ते या धाग्यावरचे सर्व शिक्षक जाणतात. तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, नंतर त्याच नोंदी व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या, आणि ‘स्वतःचे विचार योग्य शब्दांत मांडतो’ हे वाक्य मी एकेका वर्गाच्या निम्म्याअधिक नावांपुढे वाचलेले आहे, त्यात मुलींच्या नावापुढेही ‘मांडतो’ असेच.

मुलांना वाचता येत नाही ही गोष्ट चव्हाट्यावर आणली ती 2005 पासून घरोघरी जाऊन मुलाच्या हाती मजकुराचा कागद देणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाने. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले 2018 मध्ये 20.9 होती, 2022 मध्ये 16.3 झाली आणि 2024 मध्ये 23.4 वर आली. कोरोनाच्या काळातली घसरण आणि नंतरची सावरण आपल्याला या आकड्यांमुळे दिसली. प्रत्येक शाळेने आपली वही आपल्याच कपाटात ठेवली असती, तर हे कुणालाच कळले नसते.

आकडेमोड

‘असर’चा दाखला नोंदवही यांच्या बाजूचा नाही, उलट आहे. ते नमुना सर्वेक्षण आहे. बाहेरचा माणूस तपासतो, आणि त्यात कोणत्याही शिक्षकाचे किंवा शाळेचे नाव लागत नाही. म्हणून त्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. पॅटमध्ये परीक्षा घेणारा, पेपर तपासणारा आणि ज्याच्या कामाचा हिशेब होणार आहे तो, हे तिन्ही एकच. मध्य प्रदेशात ‘प्रतिभा पर्व’ नावाची अशीच राज्यव्यापी चाचणी होती. अभिजित सिंह या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच मुलांना तेच प्रश्न पुन्हा देऊन पाहिले, तेव्हा सरकारदरबारी नोंदलेली संपादणूक प्रत्यक्षापेक्षा पुष्कळच फुगलेली आढळली. आपल्याकडेही 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले, पायाभूत चाचण्यांवर आधारलेली ‘प्रगत शाळा’ ही कल्पना आली, आणि पाहता पाहता तालुकेच्या तालुके शंभर टक्के प्रगत झाल्याचे फलक लागले. त्या फलकांखालच्या वर्गांत तेव्हा कोणी ‘असर’चा कागद घेऊन फिरले असते, तर काय दिसले असते याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

तरीही धागाकर्त्यांच्या मांडणीतही एक भोक आहे. आंध्र प्रदेशात मुरलीधरन आणि सुंदररामन या अभ्यासकांनी ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांना त्यांच्या मुलांच्या कच्च्या-पक्क्या बाजूंचे सविस्तर अहवाल दिले होते. ते वर पाठवण्यासाठी नव्हते, शिक्षकाच्याच हाती दिले होते, अगदी आपण म्हणता तसे. निरीक्षक वर्गात आले तेव्हा हे शिक्षक अधिक तत्परतेने शिकवताना दिसले, परंतु वर्षाखेरीस मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. हरियाणातला प्रयोग तर आपल्या चर्चेच्या मर्मावरच बोट ठेवतो. तिथल्या सुमारे पाचशे सरकारी शाळांत सातत्यपूर्ण मूल्यमापनाची पद्धत आणि ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची स्तरानुसार शिकवण्याची पद्धत यांची तुलना झाली. मूल्यमापनाने काहीच साधले नाही. दुसऱ्या पद्धतीत मात्र दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनस्तरांनुसार मुलांचे गट केले होते, आणि त्या मुलांचे हिंदी वाचन खरोखर सुधारले. मोजणी दोन्हीकडे होती. एका ठिकाणी ती नोंदवहीत राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी तिने वेळापत्रक बदलले.

नोंदवही

आंध्रचा अर्धाच भाग सांगितलात. त्याच प्रकल्पातल्या काही शाळांत मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना आर्थिक बक्षीस होते आणि त्यांनाही तसेच अहवाल दिले होते. तिथे ज्या शिक्षकांना अहवाल उपयोगी वाटले त्यांच्या मुलांची प्रगती अधिक झाली. ज्या शाळांत नुसतेच अहवाल होते, तिथे असा संबंध आढळला नाही. मी बक्षिसाची शिफारस करत नाही. परंतु कागद कपाटातून बाहेर काढायला काहीतरी निमित्त लागते, आणि सरकारी यंत्रणेत ते निमित्त म्हणजे कोणीतरी विचारणारा असणे. तो विचारणारा आपण काढून घेतलात, तर हरियाणाचे वेळापत्रक बदलणार कोण?

द्विशिक्षकी

वरची सगळी चर्चा वाचून मला प्रश्न पडला आहे की तिसरीचे गुरुजी ज्या ‘शेजारच्या वर्गा’बद्दल लिहितात तो वर्ग माझ्या शाळेत नेमका कुठे आहे. मी आणि माझे सहकारी, दोघे मिळून चार इयत्ता सांभाळतो. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा हजारो आहेत. तिथे तिसरीला शिकवणारा दुसरा माणूस भेटायचा तर डोंगर उतरून केंद्रशाळेत जावे लागते, आणि आमच्यातला एक जण गेला की दुसऱ्याने चारही इयत्ता एका खोलीत बसवायच्या. शिक्षण परिषद महिन्यातून एकदा होते, आणि त्या दिवशी काय होते ते धागाकर्त्यांनीच दुसऱ्या परिच्छेदात लिहून टाकले आहे: आधी परिपत्रके. त्यांना नंतर वेळ उरला हे त्यांचे भाग्य.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असे म्हटले आहे. निवडणुकीच्या नावाखाली मतदारयादीचे काम वर्षभर पुरते, हा भाग वेगळाच. पण चॅटबॉटवर गुण भरणे हे ‘शैक्षणिक’ काम ठरते, त्यामुळे त्याविरुद्ध कलमही नाही. रेंज येईल अशा टेकाडावर उभे राहून एकेका मुलाचे गुण भरताना हे काम कोणत्या अर्थाने शैक्षणिक आहे, असा विचार मनात येतोच.

आणि सहकार्याची हौस आम्हालाही होती. साताऱ्याच्या कुमठे बीटचे (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) नाव गाजले, तेव्हा राज्यभरातले शिक्षक तिथे पाहायला गेले. तिथे मूळ गोष्ट होती ती मूल कसे शिकते याबद्दल त्या बीटमधल्या शिक्षकांनी आपसांत सतत केलेली बोलणी. आपापल्या गावी परतून बहुतेकांनी उचलले काय, तर फरशीवर रंगवलेले तक्ते आणि मणी-काड्यांचे खोके. कारण रंगवलेल्या फरशीचा फोटो पाठवता येतो. चौघांच्या बोलण्याचा फोटो पाठवून उपयोग नसतो, त्यात काय बोलले ते दिसत नाही.

चौथीच्या मुलीची आई

मी शिक्षिका नाही, म्हणून थोडे संकोचाने लिहिते आहे. आपण सर्वजण हे गुण कोणी पाहावेत याबद्दल बोलत आहात, पण त्यात आमचा उल्लेख नाही. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात मराठीला अ-2 श्रेणी होती. घरी औषधाच्या बाटलीवरचे मराठी वाक्य वाच म्हटले, तर ती जोडाक्षराशी थांबायची आणि पुढचा शब्द अंदाजाने बोलायची. शाळेत विचारले, तर ‘हळूहळू येईल’ असे उत्तर मिळाले. आमच्या गावात एकदा चावडी वाचन झाले, मुलांनी ग्रामस्थांसमोर उभे राहून वाचले, तेव्हा प्रत्येक आईबापाला आपले मूल कुठे आहे ते आपोआप समजले, श्रेणी कोणालाच विचारावी लागली नाही. गावासमोर अडखळलेली मुले त्या दिवशी रडवेली झाली होती, हेही मी पाहिले, म्हणून तोच उपाय आहे असे म्हणत नाही. पण ही माहिती फक्त शिक्षकांच्या बैठकीत राहावी असे ठरले, तर आम्हाला ती कधी कळणार?

तिसरीचे गुरुजी (धागाकर्ते)

ताई, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्या प्रस्तावात त्याला जागा आहे असे मला वाटते. मुलाच्या श्रेणीपेक्षा ‘जोडाक्षराशी अडते, साधे शब्द सहज वाचते’ एवढे एक खरे वाक्य पालकसभेत आईबापाला सांगितले, तर ते घरी त्यावर काही करू शकतात. असे वाक्य सांगण्यासाठी शिक्षकाला ते आधी नेमके ठाऊक असावे लागते, आणि ‘येत नाही’ असे लिहिल्याबद्दल आपल्यालाच जाब विचारला जाईल ही भीती नसावी लागते. वर्णनात्मक नोंदी सगळ्या सारख्या आणि गोड का झाल्या, याचे कारण नोंदवही सर शिक्षकाच्या आळसात शोधतात. मला ते या भीतीत दिसते.

आकडेमोड यांनी दाखवलेले भोक खरे आहे. आमच्या चौघांच्या बैठकीचा उपयोग झाला तो माहितीमुळे कमी आणि पुढच्या आठवड्यात आम्ही काय शिकवायचे हे एकमेकांसमोर ठरवल्यामुळे अधिक. पुढच्या भेटीत ‘काय झाले?’ असे विचारणारे तिघे जण होते. नोंदवही सरांना हवा असलेला विचारणारा तो हाच, फक्त तो वरून आलेला नाही. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत बसतात आणि नंतर त्यावर बोलतात. ही रीत तिथे शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. शिक्षण परिषदेचा अर्धा वेळ परिपत्रकांना बंद असावा आणि त्या वेळेत एकाच इयत्तेच्या शिक्षकांनी उत्तरपत्रिकांवर काम करावे. दुर्गम शाळेतल्या शिक्षकांसाठी त्या दिवशी शाळा सांभाळायला केंद्राने माणूस द्यावा. मुलांच्या चुकांची वही शाळेतच राहावी, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी नव्याला जूनमध्ये नुसत्या श्रेणी हाती येणार नाहीत. आणि राज्याला स्थिती कळावी म्हणून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने दरवर्षी थोड्याच शाळा निवडून, बाहेरची माणसे पाठवून, शाळेचे नाव जाहीर न करता तपासणी करावी. सगळ्या मुलांचे सगळे गुण चॅटबॉटवर भरण्याची मग गरज उरत नाही.

नोंदवही

नमुना तपासणी मला मान्य आहे, मात्र त्या संस्थांमधली रिक्त पदे आधी भरावी लागतील. परिषदेच्या अर्ध्या वेळेचेही स्वागत. वहीबद्दल मात्र सावध करतो. ती शाळेत ठेवलीत की ती शाळेचे दप्तर झाली, आणि वार्षिक तपासणीला येणारा अधिकारी ती मागणारच. मी सेवेत असतो तर सर्वांत आधी तीच मागितली असती, किती मुलांच्या चुका शिल्लक आहेत ते मोजून शेरा लिहिला असता, आणि पुढच्या वर्षीच्या वहीत चुका लिहायचे सर्वांनी बंद केले असते.

द्विशिक्षकी

मग ती दप्तरात नकोच. कार्यमुक्त होणाऱ्या शिक्षकाने ती रुजू होणाऱ्याच्या हाती द्यावी. फक्त आमच्या तालुक्यात बदलीचे आदेश असे निघतात की जाणारा आणि येणारा यांची गाठच पडत नाही. मधले काही आठवडे शाळा एकाच शिक्षकावर चालते. तेव्हा बदलीच्या आदेशात दोघांनी एक दिवस एकत्र शाळेत राहावे एवढी एक ओळ घालता येईल का, हे नोंदवही सरांनी सांगावे. त्यांना त्या आदेशांची भाषा आमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.