तत्त्वज्ञान वाचलं, ते रोज कुठे वापरता?

अमळनेर
प्रतापशेठजींनी १९१६ साली आपल्याकडे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्या परंपरेत वाचन करणारे खान्देशात आजही बरेच आहेत. नुसतं "मन शांत झालं" नको, रीत लिहा. माझ्याकडून पूर्वपक्ष: वाद पेटला की समोरच्याचं म्हणणं आधी कागदावर मांडायचं, त्याला वाचून दाखवायचं, "हेच म्हणतोय मी" असं तो म्हणाला की मगच खंडन. बहुतेक जण पूर्वपक्ष मुद्दाम लेचापेचा लिहितात, तिथेच सगळं फसतं.

चोपडा
भाऊ, मी अनुपलब्धी सांगतो. कुमारिल भट्टांच्या मीमांसा दर्शनात हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, आहे: घागर दिसत नाही, म्हणजे ती इथे नाही. पण अट अशी की ती असती तर दिसलीच असती. अंधारात घागर न दिसणं हा पुरावा होत नाही.

कपाशीत हीच अट विसरली जाते. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) पतंग नाहीत, म्हणून गुलाबी बोंडअळी नाही? आधी ल्यूरची, म्हणजे त्या वासाच्या गोळीची, मुदत बघा, पिशवी फाटली का बघा, सापळा शेंड्याच्या वर आहे का बघा. बोंडाचंही तसंच. अळी कोवळ्या बोंडात शिरली की छिद्र बुजतं, वरून बोंड ठणठणीत दिसतं. म्हणून बांधाकडची नको, शेतभर फिरून २० हिरवी बोंडं तोडायची आणि फोडून बघायची. दोनात अळी निघाली, म्हणजे १० टक्के, की फवारणीची वेळ आली. सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग आले तरी तेच.

रावेर
न्यायशास्त्रातली, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातली, उपाधी: कारणाआड लपलेली अट. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, सरपण ओलं लागतं. टॉनिक मारलं नि केळी हिरवी झाली, पण त्याच आठवड्यात पाऊसही पडला असेल तर श्रेय कोणाचं? बागेच्या मधल्या दोन ओळी टॉनिकविना सोडा, खत-पाणी बाकीच्यांसारखंच. कडेच्या ओळी सोडू नका. तिथे वाऱ्याने पानं फाटतात, ठिबकच्या टोकाला दाब कमी मिळतो, तुलनाच बिघडते.

शिरपूर
जैनांचं 'स्यात्' लोक 'कदाचित' समजतात. अर्थ आहे 'अमुक बाजूने'. वाटणीत "हा तुकडा चांगला" असं कोणी म्हटलं की विचारा, दादा, कुठल्या बाजूने? माती, विहिरीचं पाणी, गाडीवाट असे तीन रकाने पाडा. काळ्या मातीचा तुकडा गाडीवाटेच्या रकान्यात बऱ्याचदा शेवटचा निघतो.