उत्तर: मराठी कीबोर्ड चालू असताना शोधाचे शॉर्टकट

ब्राउझरमध्ये कंट्रोल-एल दाबून थेट अॅड्रेस बारवर जायचं, साइटसाठी एक अक्षर ठरवून घ्यायचं (जसं विकिपीडियाला डब्ल्यू) आणि ते अक्षर, टॅब, शब्द असं टाइप करून थेट त्या साइटवर शोधायचं, हे मूळ पोस्टमध्ये सांगितलंय ते अगदी पटलं. पण मराठीत टाइप करणाऱ्यांची अडचण राहिली. नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या आमच्या डीटीपीच्या (छपाईचा मजकूर टाइप करून मांडण्याच्या) दुकानात दिवसभर इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू असतो. त्यात डब्ल्यू दाबला की दोन मात्रा उमटतात, मग शॉर्टकट चालणार कसा?

मी क्रोम ब्राउझरच्या सेटिंगमधल्या साइट सर्चमध्ये मराठी विकिपीडियाची दुसरी नोंद केली आणि शॉर्टकट देवनागरीतच ठेवला, ‘वि’. नोंदीतल्या साइटच्या पत्त्यात (यूआरएल) शोधशब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि लगेच छोटा इंग्रजी एस (%s) हवाच. आता ‘वि’, टॅब, शब्द, एंटर. लग्नपत्रिकेतल्या गावांची नावं तपासताना विंडोज-स्पेसने भाषा बदलत बसावं लागत नाही.