संरचनात्मक वंशभेदाचे प्रशिक्षण एका दिवसात होईल का?

प्रश्न: आमच्या संस्थेत संरचनात्मक वंशभेदावर एक दिवसाचे प्रशिक्षण ठरले आहे. व्यक्तीच्या मनातील पूर्वग्रह आणि व्यवस्थेतच मुरलेला भेदभाव यांतील फरक कर्मचाऱ्यांना कसा समजावून सांगावा?

उत्तर १: उदाहरणापासून सुरुवात करावी. अमेरिकेत १९३० च्या दशकातील सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने गृहकर्जासाठी ‘धोकादायक’ दाखवल्या गेल्या. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारांतील भेदभावावर बंदी आली, तरी तोवर ज्यांना घर घेता आले नाही त्यांच्या मुलांना वारशातही काही मिळाले नाही. आजच्या बँक कर्मचाऱ्याच्या मनात द्वेष नसला, तरी ही दरी टिकते.

उत्तर २: सहमत, मात्र केवळ इतिहास सांगून भागणार नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शिकागो व बॉस्टनमध्ये सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज पाठवले असता, गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. म्हणून स्वतःच्याच संस्थेतील भरती, बढती आणि वेतनाची आकडेवारी वर्णानुसार मांडून पाहावी. (ती मागितली की व्यवस्थापन गप्प होते, हा माझा अनुभव.)

प्रश्नकर्ता: आधी आकडेवारी मागवतो, प्रशिक्षणाची तारीख पुढे गेली तरी चालेल.