मदत हवी आहे: चिलीच्या जुन्या खाणीतलं लोहाचं सल्फेट कसं ओळखायचं?

मंडळी, मी पुण्यात खनिजं जमवतो, वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट किंवा जळगावकडचे झिओलाइट बघून ओळखता येतात पण हे प्रकरण वेगळं आहे. चिलीत कलामाजवळच्या अल्कापरोसा खाणीतला एक छोटा तुकडा अदलाबदलीत मिळालाय, त्यात जांभळट भाग आहे तो बहुतेक कॉकिम्बाइट, काळे चमकदार दाणे व्होल्टाइट वाटतात (दोन्ही लोहाची सल्फेटंच), आणि त्यांच्या मधल्या फटीत फिकट पिवळे, काचेसारखे चमकणारे अगदी बारीक स्फटिक आहेत, तेच कळत नाहीयेत. लेबलवर नुसतं कोपियापाइट (लोहाचं पिवळं सल्फेट) लिहिलंय. एक कण डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकला तर विरघळायला लागला, म्हणजे जॅरोसाइट (हेही लोहाचं पिवळसर सल्फेट) नसावं, ते पाण्यात असं विरघळत नाही. पण याच खाणीतून 2011 मध्ये अल्कापरोसाइट हे नवीन खनिज मान्य झालंय, पोटॅशियम, टायटॅनियम आणि लोहाचं सल्फेट, तेही फिकट पिवळंच! म्हणून नुसत्या रंगावर विश्वास बसत नाही.

पुण्या-मुंबईत बाहेरच्या माणसाला पावडर एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारी तपासणी) किंवा रामन (लेसरच्या प्रकाशाने खनिज ओळखणारी तपासणी) कुठे करून मिळेल? नमुना किती लागतो? टायटॅनियमसाठी ईडीएस (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मूलद्रव्यं ओळखणारी तपासणी) पुरेल का? आणि पावसाळा तोंडावर आलाय, ही सल्फेटं दमट हवेत ओलावा ओढून खराब होतात आणि फार कोरड्या हवेत काहींचं पाणी उडून पीठ होतं, मग सिलिका जेलच्या डबीत ठेवू की नको? ज्यांनी असली खनिजं सांभाळलीत त्यांनी प्लीज सांगा, तपासणीआधीच नमुना हातचा जायला नको.