ज्याचे नसणे अशक्य आहे, असे काही आहे का?

अस्तित्वाचे दोन प्रकार मानल्याखेरीज जगाचा उलगडा होत नाही, असे माझे मत आहे. काही गोष्टी आहेत, पण त्या नसत्या तरी विसंगती झाली नसती, त्या आगंतुक. जिचे नसणेच अशक्य, ती सत्ता अनिवार्य. पर्शियन तत्त्वज्ञ इब्न सीनाने (९८०–१०३७) याच भेदावर ईश्वरसिद्धी उभारली. त्यातला हमखास निसटणारा बारकावा असा, की हा युक्तिवाद जगाच्या प्रारंभाविषयी नाहीच; आगंतुक गोष्टी आत्ता कशाच्या आधारावर आहेत, याविषयी आहे. एका आरशातले प्रतिबिंब दुसऱ्यात, त्यातले तिसऱ्यात, अशी रांग अनंत लांबवली तरी कोणताही आरसा चेहरा निर्माण करत नाही; समोर कोणीतरी उभे असावे लागते, आणि ते बाजूला झाले की सगळी रांग रिकामी होते.

प्रतिसाद १

जे सिद्ध करायचे तेच आपण गृहीत धरले आहे, कारण 'प्रतिबिंब' या शब्दातच बिंब आलेले असते. त्रिकोण मानला की तीन कोन मानावेच लागतात. पण त्रिकोणच नाकारला तर विसंगती कुठे उरते, असे जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये विचारले. अनिवार्यता विधानांची असते, वस्तूंची नव्हे. शिवाय ईश्वराच्या अस्तित्वावर १९४८ मध्ये बीबीसीवर झालेल्या वादात ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलने दाखवल्याप्रमाणे, प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला आई असते असे होत नाही.

धागाकर्ता

दृष्टान्त मागे घेतो. आक्षेप रास्त आहे. रसेलचा मुद्दा मात्र पटत नाही. प्रत्येक वीट मातीची असेल तर भिंतही मातीचीच असते, तेव्हा अंशांचा धर्म समग्राला कधीच लागू होत नाही असे म्हणता येणार नाही. आणि जग स्वतःच अनिवार्य आहे असे कोणी म्हटले, तर त्याने माझा दुसरा प्रकार मान्यच केला.

प्रतिसाद २

मला अडचण पुढच्या पायरीची, म्हणजे अनिवार्य सत्तेपासून ईश्वरापर्यंत जाण्याची वाटते. वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या अनुयायांनी परमाणू, आकाश, काल, दिक् (दिशा), आत्मा आणि मन ही सगळीच नित्य मानली, म्हणजे अनुत्पन्न असणे हे एकट्या ईश्वराचे लक्षण उरत नाही. घट कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू, आहे म्हणून त्याला कर्ता आहे, तसाच पृथ्वीलाही, असे अनुमान नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांना, वेगळे मांडावे लागले. उदयनाचार्यांच्या 'न्यायकुसुमांजली'त ते आहे. पण बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीची हरकत त्याहून जुनी आहे: मातीला आकार आहे एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभारानेच घडवले म्हणावे लागेल.

धागाकर्ता

अनिवार्य सत्ता जाणणारी आहे, हे माझ्या युक्तिवादातून अजून निघालेले नाही, हे कबूल करतो. ती एकच असणार, एवढे मात्र निघते. दोन असत्या, तर त्यांना परस्परांपासून वेगळे करणारे काहीतरी लागले असते, आणि त्या वेगळेपणासाठी निदान एक तरी परावलंबी ठरली असती.

प्रतिसाद २

वैशेषिकांनी 'विशेष' हा स्वतंत्र पदार्थ (त्यांच्या भाषेत, असण्याचा एक मूलभूत प्रकार) नेमका याचसाठी मानला आहे. एकसारखे दोन परमाणू त्याच्यामुळे भिन्न ठरतात, आणि तो स्वतः भिन्न असण्यासाठी आणखी कशावरही अवलंबून नसतो. आपल्याला एकत्व हवे असेल, तर आधी हा पदार्थ खोडून काढावा लागेल.